मंगळावर मागं उभं कोण राहतं?

मंगळावर जायचं असेल तर स्वारगेटवरून बारामतीची एसटी धरावी. खिडकीची जागा पकडावी, आणि सासवड मागे पडलं की उन्हाला नावं ठेवणं बंद करावं, कारण ऊन ऐकत नाही. मी जाऊन आले आहे म्हणून सांगते. तुमच्यापैकी बहुतेकजण मंगळावर गेला नसाल, आणि पुण्यातले असाल तर इंदापूरकडच्या कळसलाही गेला नसाल.

मी शाळेत जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि आता निवृत्त आहे. निवृत्त म्हणजे रिकामी, असा आमच्या घरातल्या सगळ्यांचा समज आहे. माझा भाचा अभियांत्रिकीच्या मुलांसाठी एक स्पर्धा भरवतो. मंगळावर गाडी उतरवायची स्पर्धा. घाबरू नका, मंगळ इथलाच, आपापल्या गावातला. ड्रोननं यंत्र उंच न्यायचं आणि सोडून द्यायचं. पुढचं सगळं यंत्रानं स्वतः करायचं: हवाई छत्री उघडायची, पंखे लावून वेग मारायचा, पायांवर उभं राहायचं, दार उघडायचं आणि पोटातली छोटी गाडी बाहेर काढून दहा फूट चालवायची. प्रत्येक गटाला तीन संधी. जागेवर एक साक्षीदार हवा.

"मावशी, तू जा ना बारामती-इंदापूरकडे. तुला काय, रिकामीच आहेस," भाचा म्हणाला. एप्रिल महिन्यात तिकडे जायला दुसरं कोणी तयार झालं नव्हतं, हे त्यानं नंतर सांगितलं.

साक्षीदारानं एवढंच बघायचं की यंत्राला कुणी हुकूम देत नाही. मागच्या खेपेला एका गटातला पोरगा टॉवेलखाली फोन लपवून बसला होता आणि दुसरा "डावीकडे घे, थोडं पुढे" असं ओरडून त्याला सांगत होता. तेव्हापासून भाच्यानं नियमच करून टाकला. यंत्र सुटल्यापासून गाडी थांबेपर्यंत अखंड चित्रीकरण, आवाजासकट. त्यात माणसाचा एक शब्द जरी आला तरी ती संधी बाद. मला वाटलं, यात काय अवघड आहे? गप्प तर बसायचंय! मी आयुष्यभर वर्गाला गप्प बसवलंय. पण बारामती-इंदापूरकडच्या माणसाला आणि खाली येणाऱ्या वस्तूला मी तोवर एकत्र पाहिलं नव्हतं.

मोरगाव

मोरगावला वाहकानं "दहा मिनिटं" अशी आरोळी दिली. एसटीच्या दहा मिनिटांत दर्शन होतं, चहा होतो आणि शिवाय चालकाची वाट बघायला वेळ उरतो.

इथे गणपतीच्या देवळासमोर नंदी आहे. उंदीरमामा कोपऱ्यात आणि समोर हा ऐसपैस बैल. फुलं विकणाऱ्या आजींना मी विचारलं, हे काय?

"त्यो महादेवाच्या देवळात चालला हुता. गाड्यावर घालून नेत हुते. हितं इसाव्याला थांबला आन उठंचना. मग ऱ्हायला हितंच."

"आणि महादेव?"

"त्येला काय, दुसरा मिळाला आसंल," आजी म्हणाल्या आणि माझ्या हातात नको असलेला दुर्वांचा आणखी एक जुडगा कोंबला.

मी मनात म्हटलं, काय ही सोय! उतरायचं ठिकाण चुकलं तर देवाच्या मनात होतं म्हणून मोकळं व्हायचं. मंगळवाल्यांना हे जमत नाही बिचाऱ्यांना. ते आधी नकाशावर एक लांबट अंडं काढतात आणि म्हणतात, या अंड्याच्या आत उतरायचं. बाहेर उतरलं तर तिथे धोंडा असेल, खड्डा असेल, नाहीतर वाळूत चाकं रुतून जन्माचं बसावं लागेल.

परत येऊन बघते तर माझ्या खिडकीच्या जागेवर एक बाई, आणि बाईंच्या मांडीवर करडू. "बसा की म्याडम शेजारी, ते काय चावत न्हाय," बाई म्हणाल्या. चावलं नाही हे खरं आहे. बारामती येईपर्यंत त्यानं माझ्या पदराचं टोक तेवढं चघळून खाल्लं.

बारामती

प्रतीक्षा मला स्टँडवर घ्यायला आली. ही गटाची प्रमुख. कळसची, कॉलेज बारामतीत. बुटकी, भरभर बोलणारी, आणि आपण अंबाडा घालताना तोंडात आकडे धरतो ना, तशी ती तोंडात स्क्रू धरून बोलते. प्रयोगशाळेत तिनं यंत्र दाखवलं. मंगळाच्या हवेत शिरताना यान तापतं, म्हणून खालून एक ढाल लागते. या गटाची ढाल म्हणजे सरळ गवंड्याचं घमेलं होतं. म्हणून अख्ख्या यंत्राचं नावच घमेलं. आतली गाडी चपलांच्या खोक्याएवढी, तिचं नाव ठकी.

"मंगळावर खरा वांधा हवेचा आहे," असं ओंकारनं मलाच शिकवायला सुरुवात केली. हा गटातला दुसरा, काटेवाडीचा, घरी गाई. "हवा आहे, पण इतकी पातळ की छत्रीचा ब्रेक पुरत नाही. आणि नाही म्हणावं तर यान भाजून काढण्यापुरती आहे."

"म्हंजी दुधात पाणी न्हवं, पाण्यात दूध," दारातून आवाज आला.

आवाज म्हणजे काय आवाज! कपाटातल्या काचेच्या नळ्या किणकिणल्या. दारात उंच, ताठ म्हातारा, डोक्यावर टोपी, हातात फडक्यात बांधलेला डबा. प्रतीक्षाचे आजोबा. सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. नातीला डबा द्यायला कळसहून आले होते.

आबांचा धंदा ऐकून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साखर कारखान्यात ऊस जिथे ओततात त्या जागेला गव्हाण म्हणतात. ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यात डोंगराएवढा ऊस, आणि ते लचांड उलटं मागं मागं घेत गव्हाणीला लावायचं. चालकाला मागचं काही दिसत नाही. आबा चाळीस वर्षं त्या ट्रॉल्यांच्या मागं उभे राहिले आणि "येऊ द्या, येऊ द्या… बास!" म्हणाले. यंत्रांच्या घरघरीतून तो आवाज चालकाच्या कानात जायचा. त्यांच्या हातून एक ट्रॉली कधी वेडीवाकडी लागली नाही, हे त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं.

"बरं म्याडम," आबा बसत म्हणाले, "ही गाडी तितं मंगळावं उतरवत्यात, तवा मागं उभं कोन ऱ्हातं?"

"कोणीच नाही आबा."

"मग लावत्यात कशी?"

मी खडू उचलला. सवय जात नाही. त्यांना सांगितलं, की इथून 'बास' म्हटलं तर ते तिकडे पोचायला कधी चार-पाच मिनिटं लागतात, कधी वीस. आणि वरून खाली यायला यानाला लागतात सातेक मिनिटं. म्हणजे बहुतेक वेळा यान उतरायला लागलं ही बातमी आपल्याला कळते तेव्हा तिकडे ते केव्हाच उतरलेलं असतं, नाहीतर फुटलेलं. इथले मोठमोठे शास्त्रज्ञ पडद्यासमोर श्वास रोखून बसतात, पण ते बघतात ती होऊन गेलेली गोष्ट.

"म्हंजी मयताला जाऊन तब्येत इचारायची."

"तसंच. म्हणून यानाला सगळं आधीच पढवून पाठवतात. ते खाली बघतं, पोटातल्या नकाशाशी ताडून पाहतं, आणि खड्डा दिसला तर स्वतःच बाजूला सरकतं."

मग मी रंगात आले. एका गाडीला चहूबाजूंनी फुगे बांधून तिला चक्क फेकलं आणि ती टणाटण उड्या मारत थांबली, हे सांगितलं. दुसरी जड होती, तिला फुगे पुरेनात. तेव्हा वर इंजिनं लावलेला सांगाडा तरंगत ठेवला, गाडी दोरांनी खाली सोडली, चाकं टेकल्यावर दोर कापले, आणि सांगाडा गाडीवर पडू नये म्हणून लांब जाऊन आपटून मेला.

"मुद्दाम?" आबांनी टोपी काढली. "लई मोठ्या मनाचा."

दुपार उतरल्यावर पहिली संधी घेतली, कॉलेजच्या मैदानावर. प्रतीक्षानं जमलेल्या सगळ्यांना हात जोडून सांगितलं, काही झालं तरी बोलायचं नाही. आबांनीही मान हलवली. ड्रोन वर गेला, घमेलं सुटलं. छत्री उघडली. पंखे भणभणले. सगळं झकास. एवढ्यात वाऱ्यानं घमेलं सरकायला लागलं, मोटारसायकली लावलेल्या होत्या तिकडे.

"येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… डाव्या अंगाला मारा… आजून… बास!"

आणि काय सांगू, बरोबर 'बास'ला घमेलं टेकलं. चारी पायांवर उभं! ठकी बाहेर आली, दहा फूट चालली. टाळ्या पडल्या. आबा लोकांकडे बघून मिशीतल्या मिशीत हसत होते.

मला बाद करावं लागलं.

"मॅडम, पण त्याला ऐकू येत नाही!" प्रतीक्षा रडकुंडीला आली. "त्याला कानच नाहीत!"

"मला माहितीये. पण मला आहेत, आणि त्या कॅमेऱ्यालाही आहेत."

तिनं आबांकडे बघितलं. आबा गोंधळले. "म्या बोललो? कवा?"

त्यांना खरंच पत्ता नव्हता. ओंकारनं चित्रीकरण ऐकवलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. आपला आवाज तिऱ्हाइतासारखा ऐकत ते उभे राहिले. "पोरी, म्या मुद्दाम न्हाय गं…" एवढं म्हणून त्यांनी रिकामा डबा उचलला आणि स्टँडकडे चालायला लागले. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि भाच्याचा त्याहून जास्त.

काटेवाडी

मुक्काम ओंकारच्या घरी होता. आमच्या पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात आणि त्या विचारण्यातच उत्तराची सोय केलेली असते. इथे कोणी विचारतच नाही. ओंकारच्या आईनं बशी पुढे केली, मी "अर्धाच द्या" म्हटलं, तर त्यांनी कप भरून बशीत सांडेपर्यंत ओतला आणि म्हणाल्या, "ह्यो घ्या अर्धा." जेवायला वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. भाकरी संपतेय असं ताटाला कळायच्या आत दुसरी पडत होती. "बास" हा शब्द त्या घरात कोणी मानत नाही. मी तो सात-आठ वेळा वापरून पाहिला.

सकाळी गोठ्यामागच्या मोकळ्या रानात दुसरी संधी. या वेळी आबा नव्हते, शेजारीपाजारी नव्हते, आणि ओंकारच्या आईनं कुत्र्याचं तोंड हातानं दाबून धरलं होतं. शांतता अशी की गाईंचा रवंथ ऐकू येत होता. घमेलं सुटलं, छत्री उघडली, पंखे लागले, पाय उघडले. आणि पंखे बंद झाले! दोन मजल्यांच्या उंचीवरून घमेलं दाणकन खाली आलं ते थेट शेणखताच्या उकिरड्यात.

एक पाय मोडला, छत्री माखली. तरी ठकी जिवंत होती. मंगळावर जागोजागी उकिरडे असते तर किती यानं वाचली असती! मी हे बोलून दाखवलं आणि लगेच जीभ चावली, कारण प्रतीक्षा उकिरड्याच्या कडेला मटकन खाली बसली होती.

"पाय उघडताना हिसका बसतो ना मॅडम," ती म्हणाली, "त्यालाच ते जमीन लागली समजलं. मग पंखे कशाला चालवायचे? खऱ्या एका यानाचंही बहुतेक असंच झालं होतं. मी वाचलंय ते. पाठ आहे मला. तरी माझ्याकडून तेच झालं."

मी तिच्या शेजारी बसले. वास येत होता, पण बसले. ती सांगत होती आणि मी ऐकत होते. आता एकच संधी उरलीये. ती साधली तर बंगळूरला अंतिम फेरी. गावातून कोणी एवढ्या लांब कशासाठी गेलेलं नाही. दुसरं यंत्र नाही. कॉलेजच्या मैदानावर क्रिकेटचे सामने लागलेत. ओंकारच्या रानात आजच सऱ्या पाडणार. राहिलं तिचं घरचं रान, कळसला. तेही उद्याच्या दिवसापुरतं, कारण परवा कालव्याच्या पाण्याची त्यांची पाळी आहे, आणि आलेलं पाणी मंगळासाठी कोणी सोडून देत नाही.

"आणि मॅडम," तिनं नाक पुसलं, "तिथं आबा असणार."

दिवसभर दोघांनी दुरुस्ती केली. पाय वेल्डिंगवाल्याकडे जोडून आणला. यंत्राला नवं शिकवलं, की जमीन हाताच्या अंतरावर आल्याशिवाय पायांचं काही ऐकायचं नाही. छत्री ओंकारच्या आईनं धुऊन वाळत घातली, परकरांच्या शेजारी. त्यांना आपलं लेकरू बंगळूरला जायला हवं होतं, त्यामुळे त्यांनी छत्रीला इस्त्रीही केली.

कळस

कळस इंदापूर तालुक्यात. काटेवाडीचं हिरवेपण मागे राहतं आणि रान जरा कोरडं, मोठं व्हायला लागतं. प्रतीक्षाच्या घरी पोचलो तेव्हा आबा ओट्यावर बसून दोरी वळत होते. मला बघून "या" म्हणाले, पण हळू. तो आवाज हळू आलेला मला मुळीच आवडला नाही.

प्रतीक्षानं पाणी घेतलं, इकडे तिकडे केलं, आणि एकदाची म्हणाली, "आबा, तुमी आज इंदापूरला जाता का? बाजाराला?"

"आज कुठला बाजार?"

प्रतीक्षा तांब्या विसळायला लागली. आबांना कळलं. त्यांनी दोरी बाजूला ठेवली. "जातो की. सोयऱ्यांकडं जाऊन येतो. तुला आडचन नगं." आणि पायताण शोधायला लागले.

स्वतःच्या रानातून स्वतःच उठून जाणारा तो माणूस मला बघवेना. या पोरीची पहिली सायकल, बारामतीची फी, सगळं त्या 'येऊ द्या'वर आलेलं. प्रतीक्षालाही ते पेललं नाही. तिनं धावत जाऊन पायताण हिसकावून घेतलं.

"न्हाय, ऱ्हावा तुमी! ऱ्हावा. पर आबा, तुमी तोंड उघडलं की माझं संपलं."

"न्हाय उघडत."

"परवाबी तुमी मान हलवली हुती."

"परवा ठावं न्हवतं, माझं तोंड आपलं आपण उघडतं त्ये."

वेळेपर्यंत अर्धं गाव बांधावर जमलं. उतरणाऱ्या गोष्टीसमोर सूचना न देता उभा राहणारा माणूस या भागात मिळणं कठीण. घमेलं अजून खोक्यात होतं तेव्हापासूनच सल्ले सुरू झाले. वारं पश्चिमेचं हाय, तिकडनं सोडा. छत्री लहान वाटते. ड्रोनला नारळ फोडला का? एकजण तर मंगळाचा आणि या मुलीच्या पत्रिकेचा काही संबंध आहे का, तेही विचारून गेला. मी कपाळाला हात लावला. ही माणसं गप्प बसायची नाहीत, लिहून घ्या!

मार्ग काढला प्रतीक्षाच्या आईनं. ती कळशी आणि तांब्या घेऊन आली. "समद्यांनी तोंडात पाणी धरायचं. गिळायचं न्हाय, थुकायचं न्हाय. पोरीनं हात वर केला की मग काय त्ये करा." देवाचं तीर्थ घ्यावं तसे सगळे ओळीनं पुढे आले. सरपंचांनी घेतलं, सोसायटीच्या चेअरमननी घेतलं, मीही घेतलं. बांधावर फुगलेल्या गालांची रांगच्या रांग उभी राहिली. हसूही येत होतं आणि हसायची चोरी. आबांनी पाणी घेतलं आणि गटकन गिळून टाकलं. "तान लागली हुती," म्हणाले, आणि एकटेच लांब बाभळीखाली जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. प्रतीक्षानं ते पाहिलं. पण ओंकारनं ड्रोन उडवला होता.

घमेलं सुटलं.

छत्री उघडली, इस्त्रीची. पंखे लागले. पाय उघडले, हिसका बसला, आणि पंखे चालूच राहिले! मी मनात उडी मारली. इतक्यात वारा आला. घमेलं तिरकं सरकायला लागलं, सरळ विहिरीकडे. विहिरीला कठडा नाही. आत गेलं तर घमेलं गेलं, ठकी गेली, बंगळूर गेलं.

बांधावरचे सगळे हात वर गेले. तोंडं बंद, हात मोकळे! मागं, मागं, उजवीकडं, आरं उजवीकडं! चेअरमन दोन्ही हातांनी हवा ढकलत होते. हातांना आवाज नसतो, नियमात बसतंय, असा मी तिथल्या तिथे निकाल दिला, आणि मग बघते तर माझाही हात वरच होता. प्रतीक्षा मूठ दातात धरून उभी. मी बाभळीकडे पाहिलं. आबांची टोपी कपाळावर खाली ओढलेली, चेहरा दिसत नव्हता. नुसती मिशी वरखाली होत होती. आता फुटतोय बांध, मला वाटलं.

घमेल्यानं विहीर पाहिली. म्हणजे काळं वर्तुळ पाहिलं, आणि त्याला पढवलं होतं की काळ्यावर बसायचं नाही. ते हवेत थबकलं, अंगभर हललं, आणि हळूहळू उजवीकडे सरकत विहिरीपासून दोन हातांवर सरीत टेकलं. एका बाजूला कललं. कललं, कललं आणि राहिलं.

दार उघडलं. ठकी बाहेर आली आणि पहिल्याच ढेकळाला अडकली. चाक फिरतंय, जागचं हलत नाही. मागे आली. पुन्हा पुढे, पुन्हा तेच ढेकूळ. कोणाच्या तरी नाकातून पाणी आल्याचा आवाज झाला. नाकाचा आवाज शब्द नव्हे. तिसऱ्यांदा ठकी वळसा घालून गेली, चालली, चालली आणि थांबली. दहा फूट.

प्रतीक्षानं हात वर केला.

कळसला त्या वर्षी पाण्याची पाळी एक दिवस आधी आली. सगळ्या तोंडांतून एकदम फवारा! माझा चष्मा, चेअरमनचा सदरा, सगळं भिजलं. मग जो गिल्ला झाला तो विचारू नका. ओंकार लहान मुलासारखा रडत होता. मी ओरडून सांगितलं, "ग्राह्य! ग्राह्य!" आणि कोणाला अर्थ कळेना म्हणून पुन्हा ओरडले, "पास!" ओंकारनं चित्रीकरण तिथूनच भाच्याकडे धाडून दिलं.

बाभळीखाली आबा होते तसेच उभे होते.

प्रतीक्षा सरी तुडवत त्यांच्याकडे धावली. "आबा! उतरली! झालं, आबा, बोला की आता!"

आबांनी टोपी वर केली आणि उन्हानं दिपल्यासारखे डोळे उघडले. "उतरली? नीट?"

"म्हंजी? तुमी बघितलं न्हाय?"

"न्हाय."

"आबा!"

"डोळं मिटून हुतो." ते दुसऱ्याची चूक सांगावी तसे सांगत होते. "बघायचं आन गप ऱ्हायाचं, दोनी एकदम मला न्हाय येत, पोरी. चाळीस वरसात न्हाय आलं. म्हनलं तोंड मिटायचं तर डोळंबी मिटू."

प्रतीक्षा त्यांच्या अंगावर कोसळलीच. मी दुसरीकडे बघितलं, चष्मा पुसायचा होता. सगळ्या गावानं ते उतरणं पाहिलं होतं, आणि ज्यानं बघायला हवं होतं त्या एकट्यानंच पाहिलं नव्हतं.

मग तिनं डोळे पुसले आणि फोनवर चित्रीकरण लावून त्यांच्यासमोर धरलं. पडद्यावर घमेलं सुटलं. आबांनी मान पुढे काढली, तिच्याकडे चोरून पाहिलं.

"बोलू का?"

"बोला आबा. लागंल तेवढं बोला."

"येऊ द्या…" सुरुवात हळू झाली. मग छातीत हवा भरली. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!" बाभळीवरचे होले भर्रकन उडाले, लांबच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकायला लागलं. गाव आपोआप गप्प झालं. पडद्यावर घमेलं विहिरीकडे सरकलं आणि आबांचा हात हवेत गेला. "आरं, उजव्या अंगाला! उजव्या अंगाला मार! मार… हां… आजून येऊ द्या… आजून…"

घमेलं टेकलं.

"बास!"

आबांनी हात खाली घेतला. मग बाहीनं डोळे पुसून माझ्याकडे वळले.

"बघितलं का म्याडम," ते म्हणाले, "नीट सांगितलं की ऐकतंय."